पाय फुटलेला डोळा आणि कापडी वाघ

बांबूसारखे लांब, काटकुळे पाय, अंगात कोट आणि डोक्याच्या जागी एक गरगरीत डोळा. त्या डोळ्यावर हॅटसुद्धा आहे. हे चित्र १८३०च्या दशकाच्या अखेरीस ख्रिस्तोफर क्रँच नावाच्या एका तरुण अमेरिकन धर्मोपदेशकानं काढलं. चित्रातला डोळा म्हणजे अमेरिकन निबंधकार आणि विचारवंत राल्फ वाल्डो एमर्सन. एमर्सनचं 'नेचर' हे छोटेखानी पुस्तक १८३६ साली निघालं, तेही लेखकाच्या नावाशिवाय. त्यात तो सांगतो की ढगाळ संध्याकाळी, बर्फाच्या डबक्यांतून उघडं मैदान ओलांडताना त्याला एकाएकी इतका आनंद झाला की भीतीच वाटावी. मीपणा गळून पडला. मी एक पारदर्शक डोळा झालो, मी कोणीच नाही, मला सगळं दिसतंय, असं त्यानं लिहिलं. क्रँचनं ते वाक्य शब्दशः घेतलं आणि डोळ्याला पाय काढले.

गंमत म्हणजे क्रँच काही एमर्सनचा विरोधक नव्हता, त्याच गोतावळ्यातला चाहता होता. तत्त्वज्ञान पाळण्यात होतं तेव्हाच घरच्याच माणसानं त्याचं व्यंगचित्र काढून ठेवलं होतं. म्हणून दीडशे वर्षांनी हेच विचार वर्तमानपत्रातल्या चार चौकटींच्या चित्रपट्टीत सापडतात, याचं मला फार नवल वाटत नाही. उंच उडणारं वाक्य आणि त्याला खाली खेचणारं चित्र ही जोडी जुनीच आहे.

या विचाराचं नाव ट्रान्सेंडेंटॅलिझम. मराठी कोशांतले प्रतिशब्द वाचून डोकं जास्तच दुखतं, तेव्हा नाव बाजूला ठेवू आणि प्रश्न बघू. अमुक एक गोष्ट बरोबर आहे, हे माणसाला कळतं कुठून? एक उत्तर होतं धर्मग्रंथातून आणि चर्चमधून. दुसरं, जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाच्या वळणाचं: मन ही कोरी पाटी, डोळे-कान-अनुभव जे लिहितील तेच ज्ञान. बोस्टनजवळच्या काँकर्ड गावाभोवती जमलेल्या मंडळींनी, म्हणजे एमर्सन, हेन्री डेव्हिड थोरो, मार्गारेट फुलर, ब्रॉन्सन अल्कॉट वगैरेंनी, तिसरं उत्तर दिलं. काही गोष्टी माणसाला आतूनच उमगतात, आणि ती उमज प्रत्येकात असते, कारण प्रत्येकाच्या आत जे आहे तेच सगळ्या सृष्टीत आहे. आपल्याकडे याला 'जे पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे काँकर्ड ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य भागात, मात्र यावरून गदारोळ झाला. एमर्सननं १८३८ साली हार्वर्डच्या धर्मशास्त्र विभागात हे बोलून दाखवलं, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं हार्वर्डनं त्याला भाषणाला बोलावलं नाही.

गीतेचा धागा इथे ओढूनताणून आणावा लागत नाही. चार्ल्स विल्किन्सनं १७८५ साली केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर एमर्सन आणि थोरो दोघांनीही वाचलं होतं. थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत असताना व्यापाऱ्यांची माणसं हिवाळ्यात तळ्याचा बर्फ कापून नेत. तो जहाजांतून लांबच्या उष्ण शहरांत जाई. त्यावर थोरोनं लिहिलंय की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे घामाघूम लोक आता माझ्या विहिरीचं पाणी पितात, आणि मी इकडे रोज सकाळी गीतेत बुद्धीला आंघोळ घालतो. देवाणघेवाण म्हणायची तर ही.

आता 'व्यक्तित्व' या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. एमर्सनच्या १८४१च्या गाजलेल्या निबंधाचं नाव आहे 'सेल्फ-रिलायन्स'. मराठीत पटकन 'स्वावलंबन' म्हणावंसं वाटतं, पण त्या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे आश्रम, चरखा आणि स्वतःची भांडी स्वतः घासणं येतं. एमर्सनला तेवढंच म्हणायचं नाही. त्याचा रोख आहे स्वतःवर विसंबण्यावर. एखादा विचार तुमच्या मनात चमकून जातो, आणि तो 'आपलाच' आहे म्हणून तुम्ही त्याला किंमत देत नाही. पुढे तोच विचार कुणा थोराच्या तोंडून ऐकला की मान डोलावता. ही लाज सोडा, असं तो सांगतो. 'मी इतरांपेक्षा वेगळा दिसलो पाहिजे' ही धडपड यात बसत नाही, कारण वेगळं दिसायलाही इतरांकडे बघतच राहावं लागतं.

ही बारीक रेघ मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती एका सहा वर्षांच्या पोराच्या टी-शर्टात. 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही बिल वॉटरसनची चित्रपट्टी १८ नोव्हेंबर १९८५ पासून ३१ डिसेंबर १९९५ पर्यंत चालली. कॅल्विन हा उपद्व्यापी मुलगा, आणि हॉब्ज हा त्याचा वाघ. हॉब्ज इतरांना कापडी खेळणं दिसतो, कॅल्विनला जिवंत. एका पट्टीत कॅल्विनला कंपनीचं बोधचिन्ह असलेला टी-शर्ट हवा असतो. चांगला शर्ट माणसाला चालताफिरता जाहिरातफलक बनवतो, तो म्हणतो. माझी ओळख मी विकत घेतलेल्या वस्तूंत इतकी मुरलीय की त्यांची जाहिरात करायला मीच कंपनीला पैसे दिले, हे जगाला कळतं! हॉब्ज विचारतो, हे तू कबूल करशील? त्यात काय, कॅल्विन म्हणतो, वस्तूंची भलामण करणं हीच तर व्यक्तित्व दाखवायची अमेरिकन पद्धत आहे.

एमर्सननं पानंच्या पानं लिहिली ते इथे उलटं करून चार चौकटींत बसवलंय. आणि लक्षात घ्या, कॅल्विन हा एमर्सनचा शहाणा शिष्य नाही. तो टीव्हीपुढे तासन्तास बसतो, साखरेनं ओथंबलेलं सीरिअल खातो, च्युइंगमवरचं मासिक वाचतो. वॉटरसननं त्याला संत केला असता तर पट्टी आठवड्याभरात कंटाळवाणी झाली असती.

नावांचाही एक विनोद आहे. कॅल्विन हे नाव सोळाव्या शतकातल्या जॉन कॅल्विन या धर्मशास्त्रज्ञावरून. माणूस जन्मतःच पतित, आणि कुणाचा उद्धार व्हायचा हे देवानं आधीच ठरवलेलं, ही त्याची शिकवण न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांनी, म्हणजे तिथल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांनी, अंगात मुरवली होती. हॉब्ज हे नाव सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञावरून; माणसाच्या स्वभावाबद्दल त्याचंही मत काही चांगलं नव्हतं. एमर्सनची मंडळी ज्या वारशातून फुटून बाहेर पडली, त्याच वारशाचं नाव कपाळावर घेऊन हा पोरगा रानात हिंडतो, ओढ्यात दगड उलटतो आणि स्वतःच्या मनाला येईल ते खरं मानतो. वॉटरसननं एमर्सन उघडा ठेवून पट्ट्या काढल्या, असं मी म्हणत नाही. पण अमेरिकेत वाढलेल्या विचारी माणसाच्या पाण्यातच हे विरघळलेलं असतं, जसं आपल्याकडे गीता न वाचलेला माणूसही 'कर्म करत राहावं' म्हणतो.

ताऱ्यांची पट्टी बघा. 'नेचर'च्या सुरुवातीलाच एमर्सन म्हणतो की तारे जर हजार वर्षांतून एकाच रात्री दिसले असते तर लोकांनी त्या रात्रीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली असती. रोज दिसतात म्हणून कुणी मान वर करत नाही. कॅल्विनही रात्री आकाशाखाली बसून हेच म्हणतो: लोक रोज तारे बघत बसले तर फार वेगळे जगतील. का, हॉब्ज विचारतो. अनंताकडे बघितलं की कळतं, दिवसभर लोक जे करतात त्याहून महत्त्वाच्या गोष्टी आहेत. हॉब्ज म्हणतो, आपण तर आज दिवसभर ओढ्यातले दगड उलटून त्याखाली काय आहे ते बघत होतो. मी *बाकीच्या* लोकांबद्दल बोलतोय, कॅल्विन म्हणतो.

हसू येतं ते कॅल्विनच्या ढोंगाला. पण एमर्सनच्या बाजूनं विचार केला तर दगड उलटणं हेच तारे बघणं आहे, तेव्हा कॅल्विन बरोबरच बोलतोय. पट्टी दोन्हींपैकी एकही बाजू घेत नाही. दुसऱ्या एका पट्टीत तोच कॅल्विन ताऱ्यांकडे बघून ओरडतो, मी महत्त्वाचा आहे! मग एक चौकट शांततेची. आणि शेवटी तो हळूच म्हणतो, असं धुळीचा कण किंचाळला.

स्वतःच्या नियमानं जगणं म्हणजे काय, याचा सगळ्यात चांगला धडा मात्र कॅल्विनबॉलमध्ये आहे. १९९०च्या एका मालिकेत शाळेतली सगळी मुलं मधल्या सुट्टीत बेसबॉल खेळतात. कॅल्विनला खेळायचं नसतं, पण चिडवतात म्हणून नाव देतो. मैदानात तो तंद्रीत उभा, संघांच्या बाजू कधी बदलल्या ते त्याला कळतच नाही, आणि तो झेल घेऊन आपल्याच फलंदाजाला बाद करतो. पोरं खवळतात. तो खेळ सोडतो, तर शिक्षक 'पळपुटा' म्हणतात. घरी येऊन तो हॉब्जबरोबर कॅल्विनबॉल खेळतो. त्याचे नियम खेळता खेळता बनतात, आणि कायमचा नियम एवढाच की हा खेळ दोनदा सारख्या पद्धतीनं खेळायचा नाही.

हा नियम म्हणजे एमर्सनच आहे. पोकळ सुसंगतीला त्यानं खुज्या मनांच्या मानगुटीवरचं भूत म्हटलंय: काल अमुक बोललो म्हणून आजही तेच बोललं पाहिजे, हा अट्टाहास सोडा. पण कॅल्विनबॉलला दोन खेळाडू लागतात, आणि दुसराही नियम बनवतो. बऱ्याचदा हॉब्जच कॅल्विनला गाठतो आणि त्याच्या डोक्यावर नवा नियम आपटतो. एमर्सनच्या निबंधात ही दुसऱ्याची बाजू मला फार पुसट वाटते. स्वतःवर विसंबलेली दोन माणसं समोरासमोर आली की काय होतं, हे त्यानं नीट सांगितलेलं नाही, वाघानं सांगितलंय.

थोरोचं तर याहून मजेशीर होतं. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जमीन एमर्सनची, दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली त्यानं स्वतः बांधली, आणि खर्चाचा हिशेब अर्ध्या सेंटपर्यंत दिला: २८ डॉलर साडेबारा सेंट. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. गरजा किती कमी करता येतात आणि आयुष्याचा गाभा काय ते बघायचं, म्हणून. आपण अशा माणसाला लगेच भगवी वस्त्रं नेसवतो. पण गाव चालत जाण्याच्या अंतरावर होतं, तो वरचेवर जात असे, आईच्या हातचं जेवतही असे. मला यात लबाडी दिसत नाही, तरी एक प्रश्न पडतो: मोकळ्या माणसाच्या मोकळेपणामागे स्वयंपाक कोण करतं? कॅल्विनच्या पट्टीत ती आई रोज दिसते. चिखलाचे पाय पुसणारी, हाका मारणारी, दमलेली. दहा वर्षांत तिला नावसुद्धा मिळालं नाही, बाबांनाही नाही.

बाबा म्हणजे थोरोचे जरा बिघडलेले शिष्य. कुटुंबाला दरवर्षी एका बेटावर कँपिंगला नेतात, तिथे धो धो पाऊस पडतो, मासळीशिवाय खायला काही नसतं, आणि ते म्हणतात, यानं चारित्र्य घडतं! घरात थंडी असली तरी हीटर वाढवायचा नाही, बर्फात सायकल चालवायची. साधेपणा स्वतः निवडला तर थोरो. दुसऱ्यावर लादला तर कॅल्विनचे बाबा.

चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स' या चित्रपट्टीत हीच माणसं वेगळ्या कपड्यांत येतात. चार्ली ब्राऊनला स्वतःवर भरवसाच नाही. त्यामुळे तो पाच सेंट मोजून ल्युसीच्या 'मनोविकार सल्ला' टपरीवर आपण कसे आहोत ते ऐकायला जातो. एमर्सननं त्याला बघून कपाळावर हात मारला असता. त्याउलट त्याच पट्टीतला लायनस. १९५९ पासून दर हॅलोविनच्या रात्री तो भोपळ्यांच्या मळ्यात एकटा बसतो, कारण 'ग्रेट पम्पकिन' सगळ्यात निष्कपट मळ्यात प्रकट होतो अशी त्याची श्रद्धा आहे. सगळे हसतात. भोपळा येत नाही. पुढच्या वर्षी लायनस पुन्हा मळ्यात. मखमली गादीवर दाटीवाटीनं बसण्यापेक्षा मी एकट्यानं भोपळ्यावर बसणं पसंत करीन, असं थोरोनं लिहून ठेवलंय. शुल्झला ते वाक्य माहीत असो वा नसो, लायनस त्यावर दरवर्षी बसतो. पण शुल्झ इथे एमर्सनपेक्षा कठोर आहे. आतला आवाज ठाम असला म्हणून तो खरा असतोच असं नाही. लायनसचा आवाज ठाम आहे, निष्कपट आहे, आणि चुकीचा आहे. तरी आपण त्याच्यावर हसून मोकळे होत नाही, ही शुल्झची करामत.

राहिला प्रयोजनाचा प्रश्न. आपण कशासाठी आहोत? एका पट्टीत कॅल्विन विचारतो, आपण इथे का आहोत असं तुला वाटतं? हॉब्ज: चालत आलो म्हणून. तसं नाही, इथे पृथ्वीवर? पृथ्वीवर जीव जगू शकतो म्हणून. अरे, आपण मुळात आहोतच का? जन्मलो म्हणून. जाऊ दे, विसर. विसरतो, धन्यवाद.

काँकर्डकरांचं उत्तर असं: प्रत्येकाचं एक काम असतं, ते बाहेरून नेमून मिळत नाही, ते स्वतःच्या आत ऐकून शोधायचं. आपल्याला लगेच स्वधर्म आठवतो. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की स्वधर्म कोणता हे परंपरेनं बहुधा जन्मावरून ठरवलं. थोरोच्या घरी पेन्सिली बनवण्याचा धंदा होता, त्यानं त्यात हातभारही लावला, पण ते आपलं प्रयोजन मानलं नाही. ज्याच्या कानावर वेगळा ढोल पडतो त्यानं त्या ढोलाच्या ठेक्यावर चालावं, असं तो म्हणतो.

पण या उत्तराला एक अवघड जागा आहे, आणि ती पुस्तकाआधी आयुष्यानंच दाखवली. जानेवारी १८४२ मध्ये थोरोचा भाऊ जॉन वस्तऱ्यानं कापल्याचं निमित्त होऊन धनुर्वातानं गेला. त्याच महिन्यात एमर्सनचा पाच वर्षांचा मुलगा वाल्डो स्कार्लेट तापानं गेला. ज्या निसर्गात आपण विरघळतो म्हणालो, तोच निसर्ग असं करतो. त्यानंतरच्या एमर्सनच्या लिखाणातली तकाकी ओसरलेली दिसते.

वॉटरसननं १९८७ साली ही जागा हाताळली. कॅल्विनला रॅकूनचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका छोट्या रानटी प्राण्याचं, जखमी पिल्लू सापडतं. आई त्याला खोक्यात ठेवते, कॅल्विन रात्रभर बेचैन. सकाळी ते मेलेलं असतं. मालिका आठवडाभर चालते आणि तिच्यात जवळजवळ विनोद नाही. काही दिवसांपूर्वी ते आहे हेही मला माहीत नव्हतं, आणि आता ते कायमचं गेलं, कॅल्विन म्हणतो. म्हणजे भेटलो ते कशासाठी? या जगाला तो मूर्ख म्हणतो. वाघ याचं उत्तर देत नाही. पण मधे एक वाक्य येतं: ते बाहेरून गेलंय, माझ्या आतून गेलेलं नाही, म्हणून मी रडतोय. आत आणि बाहेर ही एमर्सनची आवडती जोडी. एमर्सन ती दिलासा म्हणून वापरतो. इथे ती दुखण्याचं कारण आहे.

वॉटरसनचं स्वतःचं आयुष्यही या गोष्टीत येतं. कॉलेजात त्यानं वसतिगृहातल्या खोलीच्या छतावर मायकेलअँजेलोचं 'क्रिएशन ऑफ अॅडम' रंगवलं होतं. १९८० साली पदवी घेतल्यावर त्याला राजकीय व्यंगचित्रकाराची नोकरी मिळाली आणि काही महिन्यांत गेली. मग एका दुकानाच्या बिनखिडकीच्या तळघरात मोटारींच्या आणि किराणामालाच्या जाहिरातींची मांडणी करण्याचं काम. ते प्रत्येक मिनिट मला नकोसं होतं, असं त्यानं १९९० साली आपल्याच कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं.

मग पट्टी तुफान चालली, दोन हजारांहून जास्त वृत्तपत्रांत. बाहुल्या, कॉफीचे मग, शर्ट, कार्टून फिल्म, सगळ्याला मागणी. करारानुसार अशा वस्तू काढायचे हक्क वृत्तपत्रांना पट्टी पुरवणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे सिंडिकेटकडे, होते. वॉटरसन नाही म्हणाला, वर्षानुवर्षं भांडला, आणि शेवटी सिंडिकेटनं करार बदलून हक्क त्याला दिले. हॉब्जची बाहुली दुकानात आली की तो जिवंत आहे की कापडी, हा प्रश्न कारखान्यानं सोडवून टाकला असता. दोन कॅलेंडरं आणि असेच मोजके अपवाद सोडले तर अशी वस्तू विकली गेली नाही. शुल्झनं उलट रस्ता धरला. 'पीनट्स'मधला कुत्रा स्नूपी डब्यावर, चादरीवर, विमा कंपनीच्या जाहिरातीत सगळीकडे गेला. तरी पन्नास वर्षं शुल्झनं प्रत्येक पट्टी स्वतःच्या हातानं काढली, सहायकाचा हात लागू दिला नाही. त्यामुळे एकाला सच्चा आणि दुसऱ्याला विकलेला म्हणायला मी तयार नाही. आपलं काम कोणतं, याचं दोघांचं उत्तर वेगळं होतं.

वॉटरसननं नकार दिला तरी कॅल्विन मोटारींच्या काचांवर गेलाच. अमेरिकेत पिकअप ट्रकांच्या मागे एक चोरटं स्टिकर दिसतं: दुष्ट हसत, चड्डी खाली करून दुसऱ्या कंपनीच्या बोधचिन्हावर लघवी करणारा कॅल्विन. हे चित्र वॉटरसननं कधी काढलं नाही, परवानगी दिली नाही, पैसाही घेतला नाही. पट्टी लोक विसरून जातील तेव्हाही ही स्टिकरं राहतील, आणि तेच आपल्या अमरत्वाचं तिकीट, असं त्यानं नंतर एकदा म्हटलं.